सत्तरीची सनद

चंदीगढची आखणी करणाऱ्यांनी वस्तीचे चौकोनी तुकडे पाडून त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले, आणि त्यांतला ४३ हा क्रमांक ज्याच्या वाट्यास आला त्या दक्षिणेकडील सेक्टरात परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या तीन संस्था आज शेजारपणाने नांदत आहेत: पंजाब, हिमाचल आणि जम्मूकडील गाड्यांचे बसस्थानक, जिल्हा न्यायालयाची विस्तीर्ण वास्तू, आणि समाजकल्याण खात्याचे ज्येष्ठ नागरिकांसाठीचे निवासगृह. बसस्थानकावर उतरणाऱ्या उतारूंपैकी पुष्कळांच्या काखेत क्ष-किरण चित्रांचे लांबट पाकीट असते, कारण येथून त्यांना जायचे असते ते सेक्टर १२ मधील पी.जी.आय. या नावाने अवघ्या उत्तर हिंदुस्थानात ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, नाहीतर सेक्टर ३२ मधील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. लष्करातील, बँकांतील किंवा केंद्रीय संस्थांतील नोकरीच्या निमित्ताने जी मराठी माणसे या शहरात स्थिरावली, त्यांच्या घरी उतारवयात पुण्याहून वा अमरावतीहून राहावयास आलेल्या आईवडिलांच्या बाबतीतही प्रश्न अखेर तोच उभा राहतो, की रुग्णालयाची पायरी चढावी लागलीच तर खर्च कोणाच्या शिरावर, आणि त्यासाठी कोणता कागद जवळ असावा?

या प्रश्नाचे सरकारी उत्तर अगदी अलीकडेपर्यंत दारिद्र्याच्या मार्गानेच येत असे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतून निवडलेल्या सुमारे १० कोटी ७४ लक्ष कुटुंबांस दरवर्षी ५ लक्ष रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळावेत अशी तिची रचना होती, आणि ज्याचे नाव त्या यादीत नाही त्याने वयाची ऐंशी ओलांडली काय किंवा तो अंथरुणाला खिळला काय, योजनेच्या दृष्टीने तो परकाच होता. मध्यमवर्गीय वृद्धाची अवस्था यात विशेष अडचणीची होती. तो यादीत बसण्याइतका निर्धन नव्हता. खाजगी विमा कंपन्या पासष्टीनंतर नवा विमा देण्यास खळखळ करीत (वयाची ती अट विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून उठविली). आणि ज्या कंपन्या विमा देत त्यांचा हप्ता निवृत्तिवेतनाचा मोठा लचका तोडी. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, त्याच्या उत्पन्नाची कोणतीही चौकशी न करता, या योजनेत घेण्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी, धन्वंतरी जयंतीचा दिवस साधून, ‘आयुष्मान वय वंदना’ या नावाचे कार्ड अमलात आले. साडेचार कोटी कुटुंबांतील सुमारे सहा कोटी वृद्धांस याचा लाभ होईल असा सरकारचा अंदाज होता. आकड्यांहूनही मला महत्त्वाचे वाटते ते त्यामागील तत्त्व, कारण या योजनेत येण्यास वय हे स्वयंपूर्ण कारण म्हणून येथे प्रथमच मान्य झाले. माणूस वृद्ध आहे एवढेच पुरे. तो गरीब असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्याला तहसील कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत.

मात्र कोणतीही सनद हाती आली की तिचा मजकूर सावकाश वाचावा हा जुना शिरस्ता येथेही पाळावा लागतो. पाच लक्षांची मर्यादा ही माणशी नसून कुटुंबाशी निगडित आहे, म्हणजे घरात आजी आणि आजोबा असे दोघे सत्तरीपलीकडचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून वर्षाकाठी वापरावयाची असते. ज्या कुटुंबाचा समावेश मूळ योजनेत पूर्वीच झालेला आहे, त्यातील सत्तरीपलीकडच्या सभासदांस आणखी पाच लक्षांचे वेगळे संरक्षण मिळते, आणि त्यात घरातील तरुणांनी वाटा मागावयाचा नसतो. ज्या घराचा समावेश नव्हता तेथे मात्र संरक्षण वृद्धांपुरतेच, पुत्र, स्नुषा व नातवंडे त्याच्या बाहेर. पूर्वीपासून असलेले आजार पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरले जातात, आणि मधुमेह वा हृदयविकार घेऊनच सत्तरीत प्रवेश करणाऱ्या आपल्या पिढीच्या दृष्टीने ही अट, किंबहुना अटीचा हा अभाव, फार मोलाचा आहे. खाजगी विम्यात याच ठिकाणी वर्षावर्षांच्या प्रतीक्षेची मुदत लपलेली असते.

दुसरे कलम निवृत्त सरकारी नोकरांस आणि माजी सैनिकांस लागू पडते, आणि चंदीमंदिर येथील पश्चिम कमांडच्या मुख्यालयाच्या सान्निध्यामुळे या शहरात त्या वर्गाची वाण नाही. केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ पासून दिल्लीत सुरू होऊन पुढे इतर शहरांत पसरली, आणि माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून अस्तित्वात आली. यांपैकी एखादीचा लाभ जो घेत आहे त्याने जुनी योजना चालू ठेवावी किंवा ती सोडून वय वंदना घ्यावी, अशी निवड त्याच्यापुढे ठेवलेली आहे. दोन्ही दरडींवर पाय ठेवता येत नाही. येथे घाईने हो म्हणणाऱ्यास सावध करणे हे माझे कर्तव्य समजतो, कारण त्या जुन्या योजनांत दवाखान्यातील रोजची तपासणी आणि महिन्याची औषधेही मिळतात, तर नव्या कार्डात ती मिळत नाहीत. तेव्हा पाच लक्षांच्या आकड्याला भुलून महिन्याच्या औषधांवर पाणी सोडण्यात शहाणपण नाही. ज्यांचा खाजगी विमा आहे किंवा जे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, त्यांच्यावर मात्र असे बंधन नाही; त्यांना दोन्हींचा लाभ घेता येतो.

कार्ड काढण्याची रीत सोपी म्हणून सांगितली जाते, आणि ज्याचा आधार कागद निर्दोष आहे त्याला ती खरोखरच सोपी आहे. भ्रमणध्वनीवरील आयुष्मान या अनुप्रयोगातून घरच्या माणसाने किंवा रुग्णालयातील मदतनीसाने नोंदणी करावयाची, आधारावरून ओळख पटवावयाची, की काम झाले. पण वयाचा पुरावा म्हणून केवळ आधारच मान्य असल्यामुळे महाराष्ट्रातील एका जुन्या सवयीची आठवण होते. आपल्याकडील त्या पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली आढळते, कारण मुलाला शाळेत घालावयास आणणाऱ्या बापास तिथी आठवे, फार तर कोणता दुष्काळ होता ते आठवे, परंतु इसवी सन आठवत नसे, आणि मग गुरुजी आपल्या अनुमानाने शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. परंतु वर्ष दोन-तीनाने मागेपुढे झाले असेल, तर बहात्तर वर्षांचा गृहस्थ सरकारच्या दप्तरी एकोणसत्तराचा ठरतो आणि त्याचा हक्क तेवढी वर्षे लांबणीवर पडतो. ही दुरुस्ती आजार येण्यापूर्वीच करून घ्यावी. आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांच्या बोटांचे ठसे झिजून यंत्रावर उमटत नाहीत, ही दुसरी नित्याची अडचण. तीवर डोळ्यांच्या बुबुळाने, चेहऱ्याच्या छायाचित्राने किंवा दूरध्वनीवर येणाऱ्या संकेतांकाने ओळख पटविण्याची तजवीज आहे, परंतु काउंटरवरील कारकुनास ती ठाऊक असेलच असे गृहीत धरू नये, आपणच विचारावी.

आधारावरील पत्ता पुण्याचा आणि वास्तव्य सेक्टर ४३ मध्ये मुलाकडे, अशा स्थितीत कार्ड निरुपयोगी ठरते काय? तसे नाही. आधारावरील पत्त्यावरून लाभार्थी कोणत्या राज्याचा हे ठरते, परंतु योजनेत सामील असलेल्या देशातील कोणत्याही रुग्णालयात उपचार घेण्याची मुभा हेच तिचे मुख्य वैशिष्ट्य आहे, आणि शिमल्याकडून येणारा शेतकरी पी.जी.आय.त आयुष्मान कार्डावर दाखल होतो तो याच कलमाच्या आधारे. रुग्णालयात गेल्यावर ‘आरोग्य मित्र’ म्हणून नेमलेल्या माणसाकडे प्रथम जावे; तो कार्ड तपासतो, डॉक्टरांनी सुचविलेल्या उपचारासाठी योजनेच्या यंत्रणेकडे पूर्वमंजुरीची मागणी धाडतो, आणि मंजुरी आली की ठरीव दराच्या त्या उपचाराचे पैसे रुग्णालय परस्पर वसूल करते. आपण सवयीने विमा म्हणत असलो तरी पुष्कळ राज्यांत यात विमा कंपनी मुळी नसतेच. सरकारने स्थापिलेला न्यासच ही देणी भागवितो. उपचाराच्या दरात सर्वसाधारण कक्षातील खाट, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रियेत बसविलेली उपकरणे, दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च इतके सर्व अंतर्भूत असते, त्यामुळे मधूनच कोणी अनामत मागितली किंवा अमुक साहित्य बाहेरून आणा म्हटले, तर पावती मागावी आणि १४५५५ या क्रमांकावर फिर्याद करावी. मोतीबिंदू, हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा काढणे, मूत्रपिंडाच्या रुग्णाचे डायलिसिस, कर्करोगावरील औषधोपचार असे वृद्धांस वारंवार लागणारे उपचार यादीत आहेत. मात्र काही शस्त्रक्रिया काही राज्यांत केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असतात, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घेणे बरे.

आता या सनदेतून काय सुटले ते पाहू. वृद्धाचे आजारपण बहुतांशी खाटेवरचे नसते. रक्तदाबाची गोळी, महिन्याची साखरेची तपासणी, डोळ्यांत घालावयाचे थेंब, ऐकू येण्यासाठीचे यंत्र, दातांची कवळी, पडून हाड मोडल्यानंतर सहा महिने घरी येणारा व्यायाम-उपचारक, आणि या सर्वांहून महाग असे ते रात्रंदिवस जवळ बसणारे माणूस: यांपैकी कशाचाही भार हे कार्ड उचलीत नाही. रुग्णालयात दाखल होणे ही आपत्ती, आणि विमा आपत्तीसाठीच असतो, असा युक्तिवाद योजनेचे समर्थक करतील. तो अर्धाच खरा आहे, कारण रोजची गोळी परवडत नाही म्हणून जो ती एकाआड एक घेतो, तोच वर्षाच्या शेवटी पक्षाघाताने त्या खाटेवर येऊन पडतो, आणि मग ज्या सरकारी खजिन्याने महिन्याचे थोडे रुपये वाचविले त्यासच हजारांनी भरपाई करावी लागते.

परंतु वृद्धांविषयी निदान काही तत्त्व तरी ठरले आहे. अपंगांच्या बाबतीत तेही अजून ठरावयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लक्ष माणसांची अपंग म्हणून नोंद झाली. जन आरोग्य योजनेच्या मूळ निकषांत त्यांचा उल्लेख आहे, पण तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. ग्रामीण भागातील ज्या कुटुंबात अपंग सभासद आहे आणि धडधाकट असा एकही प्रौढ माणूस नाही, ते कुटुंब वंचित मानले गेले. म्हणजे घरात कमावता भाऊ असेल तर बहिणीचे अपंगत्व हिशेबात धरण्याचे कारण नाही. शहरांसाठी तर एवढाही आधार नव्हता. तेथे निवड झाली ती व्यवसायावरून, कचरा वेचणारे, फेरीवाले, बांधकामावरील मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले अशा अकरा गटांतून, आणि त्या गटांत अपंगत्व हा शब्दच नाही. चंदीगढसारख्या शहरात पाठीच्या कण्याला इजा होऊन चाकांच्या खुर्चीत बसलेला पस्तिशीचा पदवीधर या निकषांच्या कोणत्याच दारातून आत येत नाही. त्याला खाजगी विमाही सहज मिळत नसे. अशा एका अर्जदारास नकार मिळाल्याचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२२ च्या डिसेंबरात न्यायालयाने अपंगांसाठी विमा उपलब्ध करण्याविषयी नियामकास सुनावल्यानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत सर्व कंपन्यांना तसा हुकूम सुटला. हुकूम सुटला, परंतु त्यातून निघालेल्या विम्याचा हप्ता कोणी भरावयाचा हा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

याबाबतीत कायदा मुका आहे असे कोणी समजू नये. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला, त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, आणि त्याच्या २४ व्या कलमात असे स्पष्ट घातले, की ज्यांना कर्मचारी राज्य विमा वा अन्य सरकारी विमा योजना लागू नाही अशा अपंगांसाठी सर्वसमावेशक विमा योजना असावी. मात्र त्याच कलमाच्या आरंभी ‘आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ अशा आशयाचे शब्द पेरून ठेवलेले आहेत. मसुदा लिहिणाऱ्या कारकुनी बुद्धीचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने राखून ठेवण्याची तिची हातोटी काही औरच.

जे आहे ते असे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची योजना २००८ पासून चालू असून स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतील व्यक्तींना वर्षाला १ लक्ष रुपयांपर्यंत खर्चाची भरपाई करते. रक्कम लहान आहे, आणि ती बहुधा आपण खर्च केल्यानंतर बिले पाठवून मिळवावयाची असते. परंतु तिची दृष्टी मोठ्या योजनेहून अधिक समंजस आहे, कारण तीत बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि नित्याच्या उपचारपद्धतींचाही समावेश होतो, पूर्वतपासणीची अट नाही, आणि नोंदणीचे शुल्क काही शेकड्यांतच भागते. तिचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते व ते विसरले की संरक्षण संपते, एवढे पालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावे. कारखान्यात कामाला असता ज्याला कायमचे अपंगत्व आले, त्याच्यासाठी कर्मचारी राज्य विमा योजनेत एक अल्पपरिचित सवलत आहे: दरमहा १० रुपये या दराने वर्षाची वर्गणी आगाऊ भरली, तर त्यास व त्याच्या पत्नीस वैद्यकीय लाभ चालू राहतो, आणि पाच वर्षे विमेदार राहून निवृत्त झालेल्यासही तीच सवलत आहे. चंदीगढात या योजनेचे रुग्णालय रामदरबार भागात आहे. एकशेवीस रुपयांत वर्षभराचे औषधपाणी देणारी ही तरतूद असताना ती माहीत नसल्याने किती कामगार तिला मुकले असतील याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

वय आणि अपंगत्व यांचा विचार एकत्र करता येतो याचे उदाहरण अमेरिकेने फार पूर्वी घालून दिले आहे. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी इंडिपेन्डन्स या गावी माजी अध्यक्ष ट्रूमन यांच्या साक्षीने ‘मेडिकेअर’च्या कायद्यावर सही केली, तेव्हा तो पासष्टीपलीकडच्यांपुरता होता, १९७२ च्या दुरुस्तीने त्यात दीर्घकालीन अपंगांना आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना स्थान मिळाले. तेथेही सर्व आलबेल नाही. अपंगत्वाचे वेतन सुरू झाल्यापासून चोवीस महिने थांबावे लागते, औषधांचा विमा यावयास २००६ साल उजाडले, आणि घरी सांभाळणाऱ्या माणसाचा दीर्घकालीन खर्च मेडिकेअर आजही देत नाही. आपली मुले तिकडे स्थायिक झाली म्हणून उतारवयात स्थायी परवाना घेऊन गेलेल्या मराठी आईवडिलांस तर पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्याखेरीज हा विमा पैसे भरूनही घेता येत नाही, आणि ती पाच वर्षे खाजगी विम्याच्या आधारे काढताना कुटुंबाची जी ओढाताण होते ती अनुभविल्यावाचून कळणे कठीण. तरीसुद्धा काम करण्याची शक्ती वयाने गेली काय आणि व्याधीने गेली काय, राज्यसंस्थेच्या दृष्टीने परिणाम एकच, हे सूत्र तेथे अर्धशतकापूर्वी कायद्यात उतरले.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना, जी पुढे २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, ती प्रथम पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांशी बांधलेली होती. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व रहिवाशांसाठी आणि ५ लक्ष रुपयांपर्यंत वाढविण्यात आली, आणि त्यामुळे तेथील अपंगास आपले अपंगत्व वेगळे सिद्ध न करताच निदान रुग्णालयाच्या खाटेपुरते संरक्षण मिळाले. चंदीगढला लागून असलेल्या मोहालीचा कारभार पाहणाऱ्या पंजाब सरकारनेही २०२५ साली आपल्या सर्व कुटुंबांसाठी १० लक्षांची योजना जाहीर केली. चंदीगढच्या केंद्रशासित प्रदेशात, जेथे जन आरोग्य योजनेचा संपूर्ण खर्च केंद्र सरकारच सोसते, तेथे मात्र निकष मुळातून बदलावयाचे तर निर्णय दिल्लीतच व्हावयास हवा.

यातून घरगुती पातळीवर जे चित्र निर्माण होते ते असे, की सेक्टर ४३ मधील एखाद्या मध्यमवर्गीय घरात वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आणि मेंदूच्या पक्षाघातासह जन्मलेला मुलगा चाळिशीचा असेल, तर वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी पाच लक्ष रुपये कोणत्याही चौकशीवाचून मंजूर होतात, आणि ज्याला आयुष्यभर त्याच वडिलांच्या हाताचा आधार लागला त्या मुलासाठी निरामयच्या एक लक्षापलीकडे काही नसते. अशा पालकांनी वय वंदना कार्डाबरोबरच मुलाचे दिव्यांग ओळखपत्र आणि निरामयची नोंदणी एकाच खेपेस उरकून घ्यावी, आणि मुलगा राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेत येत असल्यामुळे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्याच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्जही आपल्या हयातीतच दाखल करावा, कारण पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणावर कोणाची सही चालेल, हे त्या अर्जावरच अवलंबून असते.